पोटरीतील चार कप्पे

कामगाराच्या पायावर गासडी पडते, हाड मोडते, प्लॅस्टर चढते. रात्री तो ओरडू लागला की भोवतालची मंडळी म्हणतात, "हाड मोडल्यावर दुखायचेच! एवढा कांगावा कशाला?" आम्ही काही वैद्यकी शिकलेलो नाही, जे कळले ते वाचून आणि डॉक्टरांना विचारून. पण ह्या ओरडण्याचा अर्थ प्रत्येकास ठाऊक असावा असे आम्हांस वाटते.

गुडघ्याखाली दोन हाडे, त्यांच्यामधला पडदा आणि स्नायूंभोवतीचे चिवट आवरण यांनी चार कप्पे पडतात. पुढचा पाऊल उचलतो, बाहेरचा ते बाजूस वळवतो. मागे पोटरीचा फुगीर कप्पा आणि त्याखाली एक खोल. सारी गोम आवरणात आहे. ते ताणत नाही. आत रक्त साचले, सूज आली, की जागा वाढत नाही, दाब वाढतो. एरवी हा दाब पाऱ्याच्या 10 मिलिमीटरांच्या आत असतो. तो वाढत रक्तदाबाच्या खालच्या आकड्यापासून 30 च्या अंतरावर आला, की बारीक रक्तवाहिन्या मिटू लागतात, स्नायू उपाशी पडतात आणि अधिकच सुजतात. सुमारे सहा तासांत ते मरू लागतात. घोट्याजवळची नाडी मात्र बहुधा लागतच असते. मोठी धमनी इतक्या दाबाला दबत नाही. भले भले फसतात ते इथेच!

म्हणून दुखापतीच्या मानाने फार जास्त, गोळ्यांनी न थांबणारे दुखणे हीच पहिली खूण. बोटे हलक्या हाताने ताणली तरी कळ मस्तकात जाते, पोटरी लाकडासारखी घट्ट लागते. बधिरपणाची वाट पाहत बसू नये. अशा वेळी डॉक्टरांनी प्लॅस्टर आणि आतले कापसाचे वेष्टन कातडीपर्यंत कापून मोकळे करावे लागते. पाय उशांवर उंच चढवू नये, हृदयाच्या पातळीवर ठेवावा. उंच केल्याने रक्त आणखी कमी पोचते. चोळणे तर नकोच. हाडवैद्याच्या करकचून बांधलेल्या कामट्यांनीही हेच घडते. घट्ट पट्ट्यांनी हात कसा आखडतो हे फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने 1881 सालीच लिहून ठेवले होते.

एवढ्याने दुखणे उतरले नाही, तर शल्यवैद्य लांब छेद घेऊन चारही कप्पे उघडतात. जखम काही दिवस उघडीच ठेवतात; सूज ओसरल्यावर शिवतात किंवा तिच्यावर कातडी बसवतात. ती उघडी जखम पाहून नातेवाईक घाबरतात, डॉक्टरांवर धावून जातात. त्यांना हे आधीच समजावून सांगणारे कोणीतरी खाटेपाशी हवे.