मे महिन्याच्या पाण्यावर ठरवा माशांची संख्या

बीडजवळच्या बालाघाट डोंगरातला कपिलधारचा धबधबा पावसाळ्यात भरभरून कोसळतो. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या यात्रेसाठी भाविक येतात, तेव्हा आजूबाजूच्या विहिरी-तळ्यांनाही बऱ्यापैकी पाणी असतं. पुढे चार-पाच महिन्यांत याच बालाघाटात टँकरची वाट पाहावी लागते. बीड जिल्ह्यात शेततळ्यात मासे पाळायचे, तर सगळा हिशेब या चढ-उताराचा आहे. आपल्याकडे मात्र तळं काठोकाठ भरलेलं पाहून बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, सोडली जाते. माझ्या मते चूक तिथेच होते.

आकडे मांडून पाहू. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. तिच्यातलं मोठं तळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. बाजू उतरत्या असल्याने तळाशी ते साधारण २४ बाय २४ मीटर उरतं. काठोकाठ भरलं की त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. हेक्टरी ५,००० बोटुकली या बेतशीर प्रमाणाने त्यात ४५० मासे सोडले, तर एका माशाच्या वाट्याला जवळपास ४,९०० लिटर पाणी येतं. उन्हाने आणि उपशाने पाणी एक मीटरवर आलं, की तळ्यात सव्वासहा लाख लिटरच उरतं. माशामागे १,४०० लिटरही नाही. तोवर काही ग्रॅमची बोटुकली अर्धा-पाऊण किलोची झालेली असते. म्हणजे पाणी घटतं त्याच काळात मासा वाढलेला असतो, आणि कोंडी दोन्ही बाजूंनी होते.

या कोंडीत आधी संपतो तो प्राणवायू. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करतं, पण रात्री तेच तो वापरतं. त्यामुळे पहाटे साठा सर्वांत कमी असतो. दिवस उजाडायच्या आधी तळ्यावर जाऊन पाहावं. मासे पृष्ठभागाशी तोंड काढून पाणी गिळताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य आणि तळ्यात खत म्हणून टाकलं जाणारं शेण दोन्ही बंद ठेवावं, पंप लावून पाणी उंचावरून परत तळ्यात पाडावं आणि मोठे मासे लगेच विकायला काढावेत. सलग ढगाळ हवामानातही हा धोका असतो, कारण दिवसाची भरपाईच पुरेशी होत नाही.

तळं ठरावीक किलो मासे पोसतं. ते वजन शंभर माशांत वाटायचं की हजारांत, हे आपल्या हातात असतं. म्हणून महिन्यातून एकदा फेकजाळं टाकून वीसेक मासे तोलावेत. खाद्य नीट देऊनही वजन जागचं हललं नाही, तर बहुधा गर्दी झाली आहे असं समजावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठे मासे काढून घेतले, की उरलेल्यांना उन्हाळा झेपतो.

कटला, रोहू, मृगळ यांच्या बाबतीत संख्येवर ताबा ठेवणं सोपं आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, त्यामुळे खाण्यावरून ओढाताण कमी होते. शिवाय हे मासे साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशांच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून मत्स्यबीजासाठी नदीवर विसंबणं संपत गेलं. शेततळ्यात मात्र सोडले तेवढेच मासे राहतात. मेले तर कमी होतील, वाढणार नाहीत.

चिलापीचं, म्हणजे तिलापियाचं, गणित उलटं आहे. १९५२ साली भारतात आणलेला हा मासा दोन-तीन महिन्यांत, बोटाएवढा असतानाच वयात येतो. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे बरीचशी जगतात. नर-मादी दोन्ही तळ्यात असले, की वर्षभरात तळं बारक्या चिलापीने भरतं, खाद्य त्यांच्यात वाटलं जातं आणि बाजारात न्यावा असा मासा हाती लागत नाही.

छोट्या तळ्यातल्या या असमतोलाचा अभ्यास अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात होमर स्विंगल यांनी १९३०च्या दशकापासून केला. शिकार होणारा मासा आणि शिकारी मासा यांच्या वजनाचं प्रमाण जमलं, तरच तळं वर्षानुवर्षे खाण्याजोगा मासा देतं, हे त्यांनी १९५०च्या आपल्या अहवालात दाखवलं. आपल्याकडे शिकाऱ्याचं काम मरळ करू शकते. ती चिलापीची पिल्लं फस्त करते आणि हवेतूनही श्वास घेत असल्याने कमी पाण्यात तग धरते. पण कटला-रोहू तिच्या तोंडात मावणार नाहीत एवढे वाढल्याशिवाय तिला तळ्यात सोडू नये, नाहीतर महागाचं बीज तिच्याच पोटात जाईल.

नाल्याकाठच्या तळ्याला सांडवा असेल, तर त्यावर बारीक जाळी हवीच. बालाघाटावरचं इथलं पाणी मांजरा नदीत उतरो की बिंदुसरा नदीत, शेवटी ते गोदावरीलाच मिळतं आणि सुटलेली चिलापी त्याच वाटेने जाते. थाई मागूर हा मासा तर तळ्यात आणूच नये. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, आणि तो ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरं पाणी गाठू शकत असल्याने त्याला जाळीही अडवत नाही.