ऑनलाइन फोकस ग्रुप म्हणजे काय? मत सांगायचे पैसे खरंच मिळतात का?

"गेमिंगबद्दल तुमचं मत सांगा आणि ९० मिनिटांचे १,२०० रुपये मिळवा." असा मेसेज तुमच्या व्हॉट्सॲपवर किंवा इन्स्टाग्रामवर कधी ना कधी आला असेल. आमच्या लासलगावात अकरावी-बारावीच्या पोरांच्या ग्रुपमध्ये असे मेसेज फिरतात आणि मग मला विचारणा होते, "दादा, हे खरं आहे की फ्रॉड?"

दोन्ही असतं. खरे फोकस ग्रुप असतात, पैसेही मिळतात. त्यांच्या नावाने फसवणूकही चालते. पण मेसेज खरा निघाला म्हणजे काळजी संपली, असं समजू नका. तिथे आपण नक्की काय विकतोय, हे आज समजून घेऊ.

फोकस ग्रुप म्हणजे काय?

एखाद्या कंपनीला नवं ॲप, बिस्किट किंवा जाहिरात आणायची असते. त्याआधी लोक त्याबद्दल काय बोलतात, हे तिला ऐकायचं असतं. म्हणून रिसर्च एजन्सी साधारण सहा ते दहा जणांना एकत्र बसवते. मॉडरेटर प्रश्न विचारतो, लोक गप्पा मारतात, सगळं रेकॉर्ड होतं. ऑनलाइन असेल तर हेच व्हिडिओ कॉलवर होतं आणि कंपनीची माणसं बऱ्याचदा कॅमेरा बंद ठेवून ऐकत असतात.

ही पद्धत जुनी आहे. १९४१ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातले पॉल लाझर्सफेल्ड श्रोत्यांना रेडिओ कार्यक्रम ऐकवायचे. आवडलं तर हिरवं बटण, नाही आवडलं तर लाल. त्यांचे सहकारी रॉबर्ट मर्टन यांनी त्यात पुढची पायरी आणली. बटण कधी दाबलं हे कळलं, पण का दाबलं, हे श्रोत्यांशी नीट बोलूनच कळणार होतं. फोकस ग्रुपचा सगळा जोर आजही त्या "का" वरच असतो.

आधी एवढे प्रश्न का विचारतात?

ग्रुपमध्ये घेण्याआधी एक फॉर्म किंवा फोन येतो. त्याला स्क्रीनर म्हणतात. आपल्या बाजार समितीत व्यापारी आधी गाडीतला कांदा हातात घेऊन बघतो, मग बोली लावतो. स्क्रीनर म्हणजे तसंच बघणं. वय काय, फोन कोणता, घरात कोणी जाहिरात किंवा रिसर्चच्या धंद्यात आहे का, मागच्या काही महिन्यांत अशा ग्रुपला बसलात का, असं विचारतात.

मग फ्रिज आहे का, वॉशिंग मशीन आहे का, शेतजमीन आहे का, असंही येतं. आमच्याकडची पोरं इथे बिचकतात. याचं कारण असं, की भारतात २०११ पासून एनसीसीएस नावाची पद्धत वापरात आली. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत, यावरून कुटुंबाचा गट ठरतो. त्या ११ मध्ये शेतजमीनही आहे. त्यामुळे "जमीन आहे का?" हा प्रश्न ठीक आहे. सातबाऱ्याचा फोटो मागितला, तर मात्र तिथेच थांबा.

खऱ्या ग्रुपमध्येही काय घडू शकतं?

माझा मावसभाऊ अकरावीत आहे. त्याला मोबाईल खर्चाबद्दलच्या एका ग्रुपचं बोलावणं आलं. एजन्सीने आधी मावशीला फोन केला, संमतीपत्र पाठवलं, तिची सही घेतली. ग्रुप झाला आणि पैसेही वेळेवर आले. सगळं रीतसर होतं.

पण गप्पांच्या ओघात मॉडरेटरने विचारलं, "घरी रिचार्जसाठी पैसे मागितले की काय होतं?" पोरगं मोकळं झालं. कांद्याचा भाव पडला, वडिलांनी कोणाकडून किती उसने घेतले, त्यावरून घरात काय झालं, सगळं सांगून टाकलं. रात्री त्याला झोप लागेना. वडिलांनी जे भावकीतसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं, ते आता अनोळखी माणसांच्या रेकॉर्डिंगमध्ये होतं.

मॉडरेटरने फसवलं नव्हतं. समोरच्याला मोकळं बोलतं करणं, हेच त्याचं काम. संमतीपत्रावर संपर्काचा ईमेल होता. आम्ही दोघांनी बसून लिहिलं, की एवढा भाग काढून टाका. दोन दिवसांनी उत्तर आलं, की तो भाग रेकॉर्डिंगमधून आणि लेखी उताऱ्यातूनही काढला. तो कागद नसता, तर कोणाला लिहिलं असतं?

बोलण्यापलीकडे काही मागितलं तर?

इथे फेसबुकचं प्रकरण माहीत असायला हवं. जानेवारी २०१९ मध्ये टेकक्रंच या वेबसाइटने बातमी दिली, की फेसबुक १३ ते ३५ वयाच्या लोकांना महिन्याला २० डॉलरपर्यंत देऊन "फेसबुक रिसर्च" नावाचं ॲप फोनमध्ये टाकायला सांगत होतं. हे ॲप ॲपलच्या ॲप स्टोअरवर नव्हतं, बाहेरून टाकावं लागायचं. ते फोनच्या इंटरनेट वाहतुकीत डोकावू शकत होतं. काही जणांकडे ॲमेझॉनवरच्या खरेदीच्या पानाचा स्क्रीनशॉटही मागितला गेला. बातमीनंतर ॲपलने त्याला दिलेली परवानगी रद्द केली.

नंतर फेसबुकने अमेरिकी सिनेटरला कळवलं, की एकूण १,८७,००० लोकांचा डेटा गोळा झाला. त्यातले ३१,००० अमेरिकेतले, आणि त्यांत ४,३०० किशोरवयीन होते. उरलेले सगळे आपल्या भारतातले.

म्हणून हा फरक लक्षात ठेवा. ग्रुपमध्ये काय सांगायचं, ते तुम्ही दर वाक्याला ठरवू शकता. ॲपला एकदा परवानगी दिली, की ते तुम्हाला विचारत बसत नाही. तुमच्याशी चॅट करणाऱ्या मित्राला तर कोणी विचारलेलंच नसतं.

कायदा काय म्हणतो?

भारताच्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालचे सगळे "मूल" या व्याख्येत येतात, १७ वर्षांचा कॉलेजकुमारसुद्धा. कलम ९ प्रमाणे मुलांचा डेटा घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यालाही बंदी आहे. नियम मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ही मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात.

शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे १८ च्या आतला माणूस करारच करू शकत नाही. त्यामुळे "पालकांना सांगू नका, तूच सही कर" असं म्हणणारा एकतर अडाणी आहे किंवा लबाड.

फ्रॉड कसा ओळखायचा?

- रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट किंवा "टॅक्स" आधी मागितला, की सरळ ब्लॉक करा. रिसर्च एजन्सी पैसे देते, घेत नाही.
- टेलिग्रामवर लाईक-रेटिंगची "कामं" देऊन आधी थोडे पैसे देतात, मग मोठ्या कामासाठी पैसे भरायला लावतात. याचा फोकस ग्रुपशी काहीही संबंध नाही.
- पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. पिन किंवा ओटीपी मागितला, तर तुमच्याच खात्यातून पैसे जाणार.
- "तुझ्या खात्यात पैसे टाकतो, थोडे ठेव, बाकीचे पुढे पाठव" असं कोणी म्हटलं तर लांब राहा. चोरीचे पैसे असे फिरवतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.
- पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

हो म्हणण्याआधी

आई-वडिलांपैकी एकाला मेसेज दाखवा. एजन्सीचं नाव, पत्ता आणि वेबसाइट शोधा, आणि मेसेजमधला नंबर सोडून वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करा. रेकॉर्डिंग कोण बघणार, किती दिवस ठेवणार आणि नको झालं तर कोणाला कळवायचं, हे लेखी घ्या आणि त्याची एक कॉपी जपून ठेवा. कॉलला बसताना मागे घरचं काही दिसणार नाही, असं बघा.

आणि घरच्यांबद्दल किंवा मित्रांबद्दल प्रश्न आला, तर बिनधास्त म्हणा, "हे मला सांगायचं नाही." खऱ्या रिसर्चमध्ये याचे कोणी पैसे कापत नाही.