मद्याची प्रशंसा आणि लेखकाचा मोबदला

मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. दारूच्या दुकानांविरुद्ध स्त्रियांनी केलेल्या मतदानामुळे 'आडवी बाटली' हा शब्दप्रयोग तेथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. तेथील एका विद्यार्थ्याने मला विचारले, की इंटरनेटवर वाइनविषयी मराठीत स्वतंत्रपणे लिहून उदरनिर्वाह होईल काय? वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्याजोगा नव्हता.

अडचण प्रथम शब्दाचीच आहे. आपल्याकडे 'वाइन शॉप' या पाटीखाली व्हिस्की आणि रमही मिळते. म्हणजे द्राक्षांपासून केलेल्या विशिष्ट पेयाचे नाव सर्व मद्यांना व्यापून बसले आहे. 'द्राक्षारस' म्हणावे तर बायबलच्या भाषांतराची आठवण होते, 'द्राक्षासव' म्हणावे तर वैद्याच्या औषधाची. ज्या वस्तूला निश्चित नाव नाही, तिच्या वर्णनासाठी वाचकाने पैसे मोजावेत ही अपेक्षा सोपी नव्हे.

तथापि खरा प्रश्न पैसे कोणी द्यावेत हा आहे. अमेरिकेत रॉबर्ट पार्कर या वकिलाने १९७८ साली 'द वाइन अॅडव्होकेट' हे पत्र काढले. त्यात जाहिराती नव्हत्या. वर्गणीवरच ते चालले. पुढे इंग्लंडच्या जॅन्सिस रॉबिन्सन यांनी इंटरनेटवरील आपल्या लेखनाचा मोठा भाग वर्गणीदारांपुरता राखला. त्यांच्याकडे ही स्वेच्छेने पत्करलेली शिस्त होती. आपल्याकडे तिच्यामागे कायदाही उभा आहे.

मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमातील चोविसाव्या कलमाने मादक पदार्थाची प्रशंसा करणारा, तो घेण्याचे आवाहन करणारा अथवा तो देऊ करणारा मजकूर छापण्यास मनाई केली होती. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यांपैकी प्रशंसेवरील बंदी भाषणस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्द ठरविली. आवाहनावरील बंदी मात्र राहिली. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा निकाल मोठा उद्बोधक वाटतो. 'ही वाइन उत्तम आहे' हे विधान. 'ही वाइन घ्या' ही आज्ञा. व्याकरणात भेद स्पष्ट आहे, व्यवहारात तो पैशाने पुसला जातो. नाशिकच्या एखाद्या कारखानदाराने प्रवासखर्च आणि मानधन दिले, की पहिल्या वाक्याचाही अर्थ दुसऱ्याचाच होतो. जाहिरात-मानक परिषदेने २०२१ पासून समाजमाध्यमांवरील असे संबंध उघड करण्याचा दंडक घातला आहे, तो याच कारणाने.

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला सांगितले: बाटली स्वतः विकत घे, पावती जपून ठेव, आणि उत्पादकाऐवजी वाचकाकडे माग. आरंभी केवळ लेखनावर भागणार नाही, असे मला वाटते. द्राक्षबागा पाहण्यास येणाऱ्या मराठी कुटुंबांना आंबवण आणि मुरवण समजावून सांगणे, शब्दावली तयार करणे, भाषांतर करणे, ही कामे हाताशी धरावी लागतील. त्याने विचारले, 'आईला काय सांगू?' तिने आडव्या बाटलीला मत दिले होते. मी म्हटले, पहिला लेख तिलाच वाचून दाखव. तो अद्याप लिहून झालेला नाही.