अकलोलीचं पाणी कढत का?

मैत्रिणींनो, वज्रेश्वरीच्या दर्शनाला गेलो की अकलोली, गणेशपुरीच्या कुंडात पाय बुडवूनच आपण परततो. शेजारी तानसा नदीचं पाणी गार आणि कुंडातलं मात्र कढत. खाली चूल कोणी पेटवली?

पृथ्वीचं वरचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. ते फार सावकाश सरकतात. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जायला लागले की काय होतं? भाकरीचा उंडा दोन्ही हातांनी ओढून बघा. मधे पातळ होतो, मग चिरा पडतात. जमिनीचंही तसंच. चिरांमधला भाग खाली बसतो, कडा उंच राहतात. ही झाली खचदरी. पूर्व आफ्रिकेत अशी दरी आजही रुंदावते आहे, आपली नखं वाढतात त्याहून हळू. ओढ चालूच राहिली तर शेवटी दरीत समुद्र शिरतो.

आपल्या किनाऱ्यालाही अशीच ओढ बसली. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचून आपला काळा कातळ तयार झाला. त्याच सुमारास आजच्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटला आणि मधे समुद्र पसरत गेला. माळशेज घाटात कातळाचे थर आडवे दिसतात, पनवेल-मुंबईकडे ते समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. ही त्या ताणाचीच खूण.

त्या वेळच्या खोल भेगा अजून आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खाली उतरतं, पोटातल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. म्हणूनच पालघरचं सातिवली, आपलं अकलोली, रायगडचं उन्हेरे, रत्नागिरीचं तुरळ आणि राजापूर असे गरम झरे किनाऱ्याच्या रांगेने आहेत. खाली ज्वालामुखी नाही, घाबरू नका.

आता आपल्या कामाचं. घट्ट कातळ पाणी धरत नाही. पाणी असतं भेगांत आणि झिजलेल्या मऊ थरांत. म्हणूनच मुरबाड-शहापूरकडे एकीच्या बोअरला पाणी लागतं आणि शेजारणीची कोरडी जाते. तेव्हा बोअरसाठी गटातून कर्ज उचलण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांचा सल्ला घ्या. ग्रामपंचायतीत त्यांची चौकशी करा. बोअर कोरडी गेली तरी हप्ता काही चुकत नाही, बाई!