आधी पैसे, मग पेट्रोल

अमेरिका किंवा कॅनडात प्रथमच मोटार चालविणाऱ्या भारतीयाला तेथील पेट्रोल पंपावर एक नियम चमत्कारिक वाटतो. तेथे बहुतेक ठिकाणी आधी पैसे भरल्याखेरीज पंप सुरूच होत नाही. आपल्याकडे कर्मचारी मीटरवरील शून्य दाखवतो, पेट्रोल भरतो आणि मग पैसे घेतो. तेथे मात्र ग्राहकाने स्वतःच नळी हाती घेऊन इंधन भरायचे असते. एकमेव कर्मचारी दुकानात गल्ल्यावर बसलेला असतो. त्यामुळे टाकी भरून पैसे न देताच पसार होणे सोपे असते.

एका मृत्यूनंतरचा कायदा

हा नियम केवळ पंपमालकाचा तोटा टाळण्यासाठी आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील कायद्यामागे एका तरुणाचा मृत्यू आहे. मार्च २००५ मध्ये व्हँकुव्हरजवळील मेपल रिज येथे ग्रँट डी पॅटी हा २४ वर्षांचा कर्मचारी रात्रपाळीत एकटाच होता. सुमारे १२ डॉलरचे पेट्रोल भरून पळणाऱ्या मोटारीला अडविण्याच्या प्रयत्नात तो तिच्याखाली सापडला आणि काही किलोमीटर फरफटत गेल्याने मरण पावला. त्याच्या आई-वडिलांनी केलेल्या पाठपुराव्यामुळे फेब्रुवारी २००८ पासून त्या प्रांतात दिवसरात्र आगाऊ पैसे घेणे सक्तीचे झाले. 'ग्रँटचा कायदा' या नावाने तो ओळखला जातो. शेजारच्या अल्बर्टा प्रांतातही अशाच घटनांत कर्मचाऱ्यांचे बळी गेल्यानंतर जून २०१८ पासून ही सक्ती लागू झाली.

चोरीची भरपाई आपल्या पगारातून होईल, ही धास्ती असलेला कर्मचारी मोटारीमागे धावण्याचा धोका पत्करतो. पैसे आधीच जमा झाले, की त्याला धावण्याचे कारणच उरत नाही. या नियमाचे खरे मोल येथे आहे.

व्यवहार कसा होतो?

रोख पैसे द्यायचे असल्यास दुकानात जाऊन पंपाचा क्रमांक सांगावा आणि रक्कम भरावी. तेवढ्या रकमेचे इंधन भरताच पंप आपोआप थांबतो. टाकी त्याआधीच भरली, तर उरलेले पैसे परत मिळतात.

कार्डाचा व्यवहार जरा निराळा आहे. किती पेट्रोल लागणार हे आधी ठाऊक नसल्याने बँक खात्यातील काही रक्कम तात्पुरती राखून ठेवली जाते. अमेरिकेत ही रक्कम १७५ डॉलरपर्यंत असू शकते. प्रत्यक्ष बिलाची नोंद झाल्यावर बाकीची रक्कम मोकळी होते, मात्र त्यास कधी काही तास, तर कधी काही दिवस लागतात. डेबिट कार्ड वापरणाऱ्याच्या खात्यात शिल्लक बेताचीच असेल, तर तेवढा काळ त्याची अडचण होते. अमेरिकेतील अनेक पंप कार्डधारकाच्या पत्त्याचा पाच अंकी पिनकोड मागतात. भारतीय कार्डाचा पिनकोड सहा अंकी असल्याने ते तेथे चालत नाही. अशा वेळी दुकानात जाऊन पैसे भरणे श्रेयस्कर.

अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झालेल्या न्यू जर्सी राज्यात मात्र ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरण्यास १९४९ पासून कायद्यानेच मनाई आहे. तेथे आपल्यासारखाच कर्मचारी मोटारीपाशी येतो.