दुखणे दाढेचे, वाहते नाक!

सर्दीत बहुधा दोन्ही नाकपुड्या वाहतात. पण एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पिवळा स्राव महिनोन् महिने येत असेल तर? अशा वेळी तोंडातही डोकावावे लागते.

डोळ्यांच्या खाली, वरच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते. हे सायनस. मोठ्या माणसात तिच्यात सुमारे १५ मिलिलिटर हवा मावते. तिच्या तळाला टेकून असतात वरच्या दाढांची मुळे. मधला हाडाचा पापुद्रा कधी कागदाइतका पातळ, तर कधी नसतोच! कल्याणच्या एखाद्या जुन्या वाड्यात खालची चूल धुमसली, की धूर फळ्यांच्या फटींतून वरच्या बिऱ्हाडात शिरे, तसेच इथे होते. किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू होतो, जंतू वर सरकतात. नस मेलेली असली तर दाढ दुखतही नाही. मग रोगी सर्दीचीच औषधे घेत बसतो. शिवाय पोकळीचे दार तळाशी नसून वर, छताजवळ आहे. एरवी अस्तरावरचे सूक्ष्म केस आतला चिकट द्रव वर लोटतात. सूज आली की तेही जमत नाही.

नॅथॅनियल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ च्या आपल्या ग्रंथात एका बाईची हकिकत दिली आहे. तिचा वरचा सुळा काढल्यावर त्या भोकातून पू वाहत राहिला. तिने पिसाची काडी आत सरकवली, तर ती जातच राहिली! मेंदूत पोचली की काय, म्हणून बाई घाबरली. काडी प्रत्यक्षात या पोकळीत वेटोळे घेत होती.

आता काडीची गरज नाही. पण १८९५ मध्ये रंटगेनला सापडलेल्या क्ष-किरणांचे साधे चित्रही फसवते. गर्दीच्या वेळी ठाण्याच्या फलाटावरून कल्याण लोकलच्या डब्यात पाहा. चेहऱ्यावर चेहरा! चित्रात मुळे, गालाचे हाड आणि पोकळीचा तळ असेच एकमेकांवर येतात. लंडनमध्ये १९७१ साली रुग्णासाठी प्रथम वापरलेल्या सीटी यंत्राने जणू डब्याचे पातळ काप करून एकेक रांग दाखवली. दातांसाठी शंकूच्या आकाराच्या झोताचे छोटे यंत्र १९९० च्या दशकाच्या अखेरीस आले. त्यात मोठ्या सीटीपेक्षा सहसा किरण कमी लागतात. पण दाताच्या साध्या चित्राहून जास्तच, म्हणून प्रत्येक सर्दीला ते काढत नाहीत. जुन्या पुस्तकांत दातांमुळे होणारा सायनसचा विकार दहा-बारा टक्के सांगत. काप दिसू लागल्यावर हा आकडा वाढला, विशेषतः एकाच बाजूच्या दुखण्यात.

उलट वाटही आहे. कोविडनंतरची काळी बुरशी नाकातून सायनसमध्ये शिरून जबडा पोखरते, तेव्हा निरोगी दिसणारे दातही हलू लागतात. २०२१ च्या मे महिन्यात कल्याण-डोंबिवली भागात या रोगाने माणसे दगावली.

दाढ हे मूळ असेल, तर नुसते नाकाचे औषध टिकत नाही. मुळे आतून साफ करून भरावी लागतात, नाहीतर दाढ काढावी लागते. काढताना तो पापुद्रा फाटला, तर चूळ भरताना पाणी नाकातून येते. छिद्र लहान असले तर बहुधा आपोआप भरते. मोठे असले तर दंतवैद्य हिरडी ओढून टाके घालतात.