नव्या मोटारीची बालारिष्टे

आपल्या फलज्योतिषात ‘बालारिष्ट’ अशी एक संज्ञा आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अर्भकावर जी संकटे ओढवतात, त्यांस ती लावितात. ज्योतिषावर कोणाचा विश्वास असो वा नसो, शब्द मात्र मराठीत चांगला रुळला आहे. नवी शाळा, नवे मासिक, नवी पेढी यांच्या आरंभीच्या अडचणींनाही आपण बालारिष्टेच म्हणतो. मौजेची गोष्ट अशी की, यंत्रशास्त्रज्ञांनीही जवळजवळ हेच नाव योजिले आहे. कोणतेही यंत्र नवे असता त्यात बिघाड होण्याचे प्रमाण अधिक असते. पुढे ते उतरते व बराच काळ स्थिर राहते. आणि यंत्र जीर्ण झाले म्हणजे पुन्हा वाढते. हा आलेख कागदावर काढिला तर तो न्हाणीघरातील टबासारखा दिसतो. त्यातील पहिल्या उतरत्या भागास ते शास्त्रज्ञ ‘बालमृत्यू’चा काळ म्हणतात.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, मध्यम स्थितीच्या कुटुंबात लहान मोटार घेण्याचा प्रसंग आता नित्याचा झाला आहे. बाजारात नवी गाडी आली की वर्तमानपत्रांतून तिची छायाचित्रे झळकतात. घरातील तरुण मंडळी ती घेण्याचा आग्रह धरितात. वडील माणसे हिशेब मांडतात. आणि वर्षानुवर्षांच्या शिलकेला हात घालून, वर कर्ज काढून, गाडी दारात येते. पंधरा दिवसांनी ती भर रस्त्यात बंद पडली, म्हणजे घरात जो विरस होतो तो केवळ पैशाचा नसतो. ज्याने आग्रह धरिला तो खजील होतो, ज्याने विरोध केला त्याला बोलावयास जागा मिळते, आणि गाडी राहते बाजूला. म्हणून या बालारिष्टांचे स्वरूप काय, आणि गृहस्थाने त्यांच्या बाबतीत काय करावे, याचा शांतपणे विचार करणे इष्ट आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नव्या गाडीतील दोष दोन प्रकारचे असतात. एखाद्या गाडीतील एखादा स्क्रू सैल राहिला, एखादी तार नीट जोडली गेली नाही, तर तो त्या एकाच गाडीचा दोष. त्यास आपण व्यक्तिदोष म्हणू. परंतु गाडीच्या आराखड्यातच काही चुकले असेल, तर तो दोष त्या नमुन्याच्या प्रत्येक गाडीत असणार. त्यास रचनादोष म्हणू. घरमालकाची खरी अडचण ही की, त्याच्यापुढे एकच गाडी असते, आणि एका गाडीवरून दोष कोणत्या प्रकारचा आहे हे त्यास ओळखता येत नाही. पुष्कळ मालकांच्या तक्रारी एकत्र आल्या म्हणजेच ते ठरते. हा मुद्दा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

रचनादोष केवळ सामान्य कारखान्यांच्याच गाड्यांत असतात असे कोणी समजू नये. इंग्लंडातील ‘मिनी’ ही मोटार जगातील अत्यंत बुद्धिमान रचनांपैकी एक मानली जाते. ॲलेक इसिगॉनिस यांनी ती आखिली आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने २६ ऑगस्ट १९५९ रोजी ती लोकांपुढे आणिली. अवघ्या दहा फूट लांबीच्या गाडीत चार माणसे बसविण्यासाठी त्यांनी इंजिन आडवे ठेविले व पुढची चाके फिरविली. परंतु त्या वर्षीचा उन्हाळा त्या देशात विलक्षण कोरडा गेला होता. पुढे पाऊस लागला तेव्हा असे आढळून आले की, गाडीच्या तळाच्या पत्र्यांचा सांधा उलट्या बाजूने बसविल्यामुळे रस्त्यावरचे पाणी थेट आत शिरते आणि पायांखालचे गालिचे भिजून चिंब होतात. शिवाय इंजिनाला ठिणगी पुरविणारा डिस्ट्रिब्यूटर अगदी पुढे, जाळीच्या मागेच होता. तो भिजला की गाडी जागच्या जागी थांबे. आरंभीच्या गिऱ्हाइकांनी हा त्रास सोसला, कारखान्याने सुधारणा केल्या, आणि तीच गाडी पुढे २००० सालापर्यंत निघत राहिली. एकंदर सुमारे ५४ लाख मिनी तयार झाल्या. तात्पर्य, बालारिष्ट झाले म्हणून मूल वाया गेले असे नव्हे. परंतु त्यास वेळीच औषध मिळाले पाहिजे.

आता आपल्या घराजवळचे उदाहरण घेऊ. पुण्याजवळ पिंपरी येथे टेल्को कंपनीचा मालमोटारींचा कारखाना होता. मालमोटारी बनविण्यात मुरलेल्या या कंपनीने संपूर्णपणे स्वतःची अशी लहान प्रवासी मोटार बनविण्याचे मनावर घेतले. रतन टाटा यांची कल्पना अशी होती की, गाडीत अँबॅसॅडरसारखी ऐसपैस जागा असावी, बाहेरून ती मारुतीच्या झेनएवढीच आटोपशीर असावी, किंमत मारुती ८०० च्या आसपास असावी, आणि डिझेलमुळे चालविण्याचा खर्च कमी यावा. जुळणीसाठी लागणारी बरीच यंत्रसामग्री ऑस्ट्रेलियातील निस्सान कंपनीच्या बंद पडलेल्या कारखान्यातून विकत घेऊन, सुटी करून, जहाजाने पुण्यास आणिली गेली. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात ‘इंडिका’ लोकांनी पाहिली, आणि ३० डिसेंबर १९९८ रोजी ती विक्रीस आली. एक लाखाहून अधिक लोकांनी थोड्याच दिवसांत आगाऊ नोंदणी केली.

त्यानंतर बालारिष्टे सुरू झाली. इंजिनाचा आवाज फार, गाडीत कंप फार, टायर लवकर झिजतात, खालच्या बाजूने खडखडाट होतो, अशा तक्रारी चोहोकडून येऊ लागल्या. ज्यांनी स्वदेशी मोटार म्हणून अभिमानाने ती घेतली, त्यांचे मन अधिकच दुखावले, कारण आपल्या माणसाकडून आपली अपेक्षा मोठी असते. २०००–०१ या वर्षात कंपनीस पाचशे कोटी रुपयांचा तोटा आला. मालमोटारींच्या धंद्यातील मंदी हे त्याचे मोठे कारण होते. तथापि इंडिकेची वाट सोडून द्यावी असा सल्ला देणारेही त्या वेळी थोडे नव्हते. कंपनीने वाट सोडिली नाही. तक्रारींचा अभ्यास करून तिने गाडीत ठिकठिकाणी फेरफार केले आणि २००१ साली ‘इंडिका व्ही-टू’ ही सुधारलेली आवृत्ती काढिली. ती चांगली खपली. पुढे कित्येक वर्षे गावोगावच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्यावर संसार चालविले, आणि टॅक्सीवाल्याइतका कठोर परीक्षक दुसरा नाही.

याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीची कथा मात्र वेगळ्या वळणाने गेली. ‘नॅनो’ ही एक लाख रुपयांची मोटार २३ मार्च २००९ रोजी मुंबईत विक्रीस जाहीर झाली. दोन लाखांहून अधिक मागण्या आल्या, आणि पहिल्या एक लाख गिऱ्हाइकांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी लागली. परंतु त्याच वर्षी काही गाड्यांतून धूर निघाल्याच्या वार्ता आल्या, आणि मार्च २०१० मध्ये मुंबईत एका कुटुंबाची कोरी गाडी दुकानातून घरी नेत असतानाच पेटली. सुदैवाने माणसे वाचली. कंपनीने चौकशी करून सांगितले की, रचनेत दोष नाही. बाहेरून जोडलेली विजेची उपकरणे किंवा धुराच्या नळीवर राहिलेली परकी वस्तू यांमुळे असे प्रकार घडले. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये तिने सर्व मालकांस अधिक संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले. मात्र गाड्या परत बोलाविल्या असे त्यास म्हणू नये, असेही बजाविले. त्याच नोव्हेंबरात देशभरात अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. या गाडीच्या अपयशास इतरही कारणे होती; ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरुदच कित्येकांस नकोसे वाटले. परंतु भीती एकदा मनात शिरली म्हणजे खुलाशाने ती जात नाही. २०१८ साली नॅनोचे उत्पादन जवळजवळ थांबले.

इंडिकेच्या आणि नॅनोच्या काळी आपल्या देशात सदोष गाड्या परत बोलाविण्याची सक्ती करणारा कायदाच नव्हता. तो २०१९ सालच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने आला आणि त्याखालील नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. त्यांतील मुख्य तत्त्व प्रत्येक गृहस्थाने समजून घ्यावे असे आहे. सात वर्षांहून कमी वयाच्या गाडीत सुरक्षिततेस बाधक दोष असेल, तर मालकाने सरकारच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी; एका नमुन्याच्या तक्रारी ठराविक प्रमाणापर्यंत पोहोचल्या म्हणजे सरकार चौकशी करून कारखानदारास त्या गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम देऊ शकते. म्हणजे वर सांगितलेला व्यक्तिदोष व रचनादोष यांतील भेद कायद्यानेही तक्रारी मोजूनच ठरविला आहे. जो मालक मुकाट्याने बसतो, तो केवळ स्वतःचेच नुकसान करून घेतो असे नाही. दुसऱ्या शेकडो मालकांचे पारडेही तो हलके करितो.

आणि येथेच आपल्या लोकांची सवय आड येते. गाडी बिघडली की आपण घरात चडफडतो, शेजाऱ्यापाशी कंपनीस शिव्या देतो, नाक्यावरच्या मिस्त्रीकडून ती तात्पुरती चालू करून घेतो. परंतु कागदावर दोन ओळी लिहीत नाही. आमच्या पुतण्याने घेतलेली एक नवी गाडी केव्हा केव्हा सकाळी सुरूच होत नसे. कार्यशाळेत नेली की ती निमूटपणे सुरू होई, आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळे. असे तीनदा झाले. अखेर आमच्या सूनबाईंनी दुधाच्या हिशेबाच्या वहीतच शेवटच्या पानावर टिपणे ठेविली : तारीख, वेळ, आदल्या दिवशी काय घडले. महिन्याभरात एक गोष्ट स्पष्ट दिसली. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल किंवा गाडी धुतली असेल, तरच दुसऱ्या दिवशी ती रुसे. ते पान कार्यशाळेतील मुख्य माणसापुढे ठेविल्यावर त्याने पाणी कोठे मुरते तेच आधी पाहिले, आणि तारांचा एक ओला जोड सापडला. तीन महिने जे यंत्रज्ञांस कळले नाही ते एका पानाने दाखविले.

म्हणून नवी मोटार घेणाऱ्या कुटुंबांस माझे चार शब्द सांगणे आहे. घाई नसेल तर अगदी नव्या नमुन्याची गाडी पहिल्या वर्षी घेऊ नये. तेवढ्या अवधीत तिचे गुणदोष बाहेर पडतात. घेतलीच, तर ताब्यात घेताना दिवसाउजेडी पाहावी आणि घरातील एका जाणत्या माणसाने हमीचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावा. हमीच्या काळात बाहेरच्या कारागिराकडून तारा कापून दिवे, भोंगे, गाण्याची यंत्रे बसवू नयेत. विजेच्या बिघाडांचे ते एक मोठे मूळ आहे, आणि मग दोष कोणाचा हा वाद मिटत नाही. एकत्र कुटुंबात गाडी चालविणारे अनेक असतात, तेव्हा गाडीत एक वही ठेवावी; ज्याच्या हाती काही विपरीत घडले त्याने तारीख, किलोमीटर व हकीगत लिहावी. कार्यशाळेत प्रत्येक वेळी जॉबकार्ड मागून घ्यावे, आणि त्यावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहिली आहे ना, हे सही करण्यापूर्वी पाहावे. ब्रेक, सुकाणू किंवा आग यांच्याशी संबंध असलेला दोष दिसला तर गाडी चालवीत राहू नये. मग भाडे भरून रिक्षाने जावे लागले तरी चालेल. दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाची दारे उघडी आहेत, आणि तेथे ती वहीच आपली साक्षीदार होते.

तक्रार करणे म्हणजे भांडणे, असा एक गैरसमज आपल्या सभ्य घरांत आहे. वास्तविक सभ्य भाषेत, पुराव्यानिशी केलेली तक्रार ही कारखानदारावर उपकारच असते. मिनीच्या ओल्या गालिच्यांनी आणि इंडिकेच्या खडखडाटाने त्या त्या कारखान्यांस जे शिकविले, ते कोणत्याही प्रयोगशाळेत शिकता आले नसते. मात्र शिकणाऱ्यास धडा लिहून द्यावा लागतो. ते लिहिण्याचे काम पहिल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांकडे आपोआप आलेले आहे. त्यांनी ते टाळू नये.